नेलला पाजलेले औषध

मेयो, ऑक्टोबर

प्रिय कॅहल,

पाकिटावर माझे अक्षर पाहून तू दचकशील. फोनवर मी दोन वाक्ये बोलते न बोलते तोच तुझे "आई, आवाज तुटतोय" सुरू होते, म्हणून लिहायला बसले. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बेनिग्नस शिकवायच्या, की पत्रात आधी समोरच्याची प्रकृती विचारावी, मग आपली खुशाली कळवावी, मग हवापाणी, आणि कामाची गोष्ट अगदी शेवटी. कामाचे आधी लिहिले तर वाचणारा बाकीचे वाचत नाही, असे त्यांचे म्हणणे. इतक्या वर्षांनीही माझा हात त्याच क्रमाने चालतो. तर, तू बरा असशील. पर्थला आता वसंत असेल. इथे आठवडाभर धुके आहे, डोंगर दिसतच नाही. तुझे बाबा खिडकीशी बसून तिकडेच बघत असतात.

बोका खुशाल आहे. तो म्हातारा बिशप, गळ्याशी पांढरी पट्टी असलेला, चुलीजवळची खुर्ची अजून कुणाला देत नाही. तो मरता मरता वाचला तेव्हा तू ऑस्ट्रेलियात होतास, म्हणून तुला ती हकीकत नीट माहीत नसेल. दोन हिवाळ्यांपूर्वी तो एकदा सकाळपासून सरपणाच्या टोपलीत जाऊन बसायचा, कुंथायचा, केविलवाणे ओरडायचा आणि तसाच बाहेर यायचा. आम्ही म्हटले, पोट साफ होत नाही. बाबांनी दुधात लोणी विरघळवून पुढे ठेवले. शेजारचा पॅकी डर्कन तेव्हा हयात होता. तो म्हणाला, "मॅलकी, बिशपला एरंडेल दे, धर्मगुरूंना ते लागतंच." आम्ही हसत होतो. सहज म्हणून मी तुझ्या बहिणीला डब्लिनला, तिच्या जनावरांच्या दवाखान्यात, फोन लावला. सोरका ओरडलीच, "आई, लोणी राहू दे! पोट नाही, लघवी अडलीये त्याची. बोक्याची लघवी अडली की एकदोन दिवसांत खेळ संपतो. आत्ताच्या आत्ता निघा." बाबांनी एक प्रश्नसुद्धा विचारला नाही. चर्चला जायचा कोट खुंटीवरून काढला, बोक्याला त्यात गुंडाळले आणि गाडी काढली. गावच्या डॉक्टरांनी नळी घालून वाट मोकळी केली आणि म्हणाले, संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर नुसता कोट परत नेला असता.

तेव्हापासून बाबांना नवा छंद लागला. रविवारी चर्चच्या फाटकाशी उभे राहून "सोरका म्हणते" अशी सुरुवात करायची आणि गावातल्या यच्चयावत कुत्र्यामांजरांना तपासायचे. सोरका म्हणते, म्हातारी मांजर भांडेच्या भांडे पाणी पिऊ लागली तर ते उन्हाळ्यामुळे नव्हे, मूत्रपिंडे बघून घ्या. सोरका म्हणते, मांजर दोन वेळचे चापून खाते आणि तरी हाडे दिसतात, तर तो जंत नसून गळ्यातल्या ग्रंथीचा दोष असू शकतो. सोरका म्हणते, कुत्रा सारखा डोके झटकतो आणि कानाला वास येतो, तर साबणाने धुऊ नका, आत दुखत असते त्याला. पॅकीचा तो पिंपासारखा लॅब्राडोर लंगडत चालायचा. पॅकी म्हणायचा, "वय झालं बिचाऱ्याचं." बाबा म्हणाले, "वय नाही रे, तुझी बायको झाली आहे त्याला. तिला सॉसेज भरवणं बंद करायला सांग. सोरका म्हणते, निम्मं दुखणं वजनाचं असतं." आणि काय सांगू, उन्हाळ्यापर्यंत तो कुत्रा पळायला लागला. ज्या माणसाने जन्मात कुणाचे ऐकले नाही, ना माझे, ना फादरांचे, तो लेकीचा शब्द असा गावभर मिरवायचा. मला थोडा हेवाही वाटायचा, खोटे का बोलू.

मग नेल आली. तू तिला पाहिलेस. गेल्या वर्षी मेंढरांना शरद ऋतूतले औषध पाजून झाल्यावर बाबांनी तिला लीट्रिमच्या एका माणसाकडून आणले. आपल्या घरातल्या कुत्र्यांची ओळ आजोबांपासूनची, पण ती संपली होती. ही वेगळी, लांब केसांची, निमुळत्या तोंडाची, एक डोळा निळसर. पहिल्याच महिन्यात ती बाबांची शिटी नव्हे, बाबांची मान वळलेली पाहून धावायला शिकली. डोंगरावर ती दोघे म्हणजे एकच प्राणी वाटायची. मला तर वाटते, माझ्याशी लग्न करून बाबांना जे सापडले नाही, ते त्यांना त्या कुत्रीत सापडले. हे मी रागाने लिहीत नाही. या वयात माणसाला काहीतरी सापडावे, एवढेच.

नाताळात सोरका आली तेव्हा तिने नेलचे तोंड उघडून गालाच्या आतून कापसाची काडी फिरवली आणि नळीत घालून डब्लिनला नेली. तू फेब्रुवारीत मित्राच्या लग्नाला आलास तेव्हा मी तुला ते सांगितले, आणि फोनवर तू तिला किती छळलेस! "कुत्र्याच्या गालात कापूस घालायचा पगार मिळतो का गं तुला? माझ्या गालात घाल, मी अर्ध्यात करून देतो." ती म्हणाली, "तुझ्या डोक्यात घालते, तिथं जागा आहे." मी भांडी विसळत ऐकत होते. तुम्ही दोघे लहानपणी असेच भांडायचात. घर भरल्यासारखे वाटले मला.

मे महिन्यात काय झाले ते तुला तुकड्यातुकड्यांनी कळले आहे. मला ते एकदा सलग लिहू दे. मेंढरे डोंगरावरून खाली आणली, वाड्यात कोंडली, बाबांनी पाठीवर जंताच्या औषधाची पिशवी बांधली आणि एकेकीच्या तोंडात नळी घालून पाजत गेले. शेवटची मेंढी सुटली की नळीत राहिलेले थोडे औषध कुत्र्याच्या तोंडात. आजोबा तेच करायचे, पणजोबांच्या हातात निराळी बाटली असेल एवढेच. या डोंगरावर कोण करत नाही? खरूज होत नाही, जंत होत नाहीत, आणि औषध वाया जात नाही. आपल्या जुन्या कुत्र्यांना कधी काही झाले नाही. नेलने जिभेने नळी चाटून पुसली, शेपूट हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती दाराला धडकली. मला वाटले, खेळतेय. मग तिच्या तोंडातून लाळेची तार लोंबू लागली, मागचे पाय एकमेकांत अडकू लागले. बाबांनी तिच्या डोळ्यांपुढे हात हलवला. डोळे सताड उघडे, बाहुल्या मोठ्या, आणि तिला काही दिसत नव्हते. बाबांचा आवाज ऐकून ती उलट दिशेला वळली. तेव्हा बाबांचा चेहरा कसा झाला, ते मी लिहू शकत नाही.

गावच्या डॉक्टरांनी सलाइन लावले. म्हणाले, नेलसारख्या कोली जातीच्या काही कुत्र्यांच्या रक्तातच दोष असतो. दुसऱ्या कुत्र्यांच्या मेंदूला जे औषध शिवत नाही, ते यांच्या मेंदूत जाऊन बसते. उतारा नाही, जपायचे आणि वाट बघायची. काही वाचतात. नेल वाचली नाही. बाबा तिच्याशेजारी जमिनीवर बसून होते, तिच्या पंजाच्या गादीवर अंगठा ठेवून. मी सोरकाला फोन लावून त्यांच्या हातात दिला, म्हटले लेक धीर देईल. तिचा आवाज मला पलीकडे उभ्याने ऐकू आला. "बाबा, तुम्हाला सांगितलं होतं ना! सांगितलं होतं ना, तिला हे औषध चालणार नाही म्हणून! हसण्यावारी नेलंत ना?" बाबांनी फोन माझ्याकडे दिला आणि बाहेर गेले.

त्या दिवसापासून सोरका बापाशी जेवढ्यास तेवढे बोलते. आणि बाबा? नेलला त्यांच्या हातून औषध गेले, ते दुःख मोठेच आहे. पण ते त्यांनी उचलले असते. या डोंगरावर त्यांनी भाऊ पुरला आहे, मेंढरे बर्फात गाडलेली काढली आहेत. त्यांना आतून पोखरले ते दुसऱ्याच गोष्टीने. लेकीने सांगितले होते आणि आपल्याला आठवत नाही. एकदा अंधारात मला विचारले, "मला कधी सांगितलं गं तिनं?" मी म्हटले, मला ठाऊक नाही. "म्हणजे माझंच डोकं गेलं," ते म्हणाले, आणि कूस बदलली. त्यांनी गाडी चालवणे सोडले. चहाचे पाणी ठेवले की चुलीशी उभे राहतात, विसरू नये म्हणून. डॉक्टरकडे नेले तर त्यांनी महिने, वार, उलटे आकडे विचारले, सगळे बरोबर आले. डॉक्टर म्हणाले, "मॅलकी, तुझं डोकं माझ्यापेक्षा बरं आहे." घरी येताना म्हणतात कसे, "त्याला काय कळतंय, त्याच्या हातून कुत्री मेली नाही." आणि तू दर रविवारी फोनवर त्यांना समजावतोस. "बाबा, होतं असं वयानं. विसरायला होतं. मेंढरं काढून टाका, डोंगर त्या झाडं लावणाऱ्या कंपनीला द्या, आणि आरामात बसा." किती मायेने बोलतोस. ते मान डोलावतात. या महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी सगळा कळप बाजारात जाणार आहे. एकदा मेंढरे गेली की ते त्या खिडकीतून उठणार नाहीत, हे तुलाही कळते आणि मलाही.

आता कामाची गोष्ट. गेल्या रविवारी सोरका आली होती. बाबा झोपल्यावर आम्ही दोघी भांडी पुसत होतो. मी म्हटले, तुझ्या बापाला तुझा एकही शब्द कधी जड झाला नाही, मग हाच कसा विसरले? ती म्हणाली, "मी त्यांना कुठं सांगितलं? फेब्रुवारीत मी फोन केला तो कॅहलनं उचलला होता. तुम्ही दोघं घरात नव्हतात. त्याला म्हटलं, त्या कापसाच्या काडीचा निकाल आलाय, नेलच्या रक्तात तो दोष आहे, बाबांना सांग, मेंढरांचं औषध तिच्या तोंडाला लागता कामा नये. नंतर विचारलं तर म्हणाला, सांगितलं, शनिवारी बाजारात, पण ते हसले." कॅहल, त्या शनिवारी आम्ही पॅकी डर्कनला पुरले. बाबा त्याच्या पेटीला खांदा देत होते आणि मी त्यांच्या मागून चालत होते. मेंढरे घेऊन बाजारात तू एकटा गेलास, कारण बाबा येऊ शकत नव्हते. तू विसरलास, आणि बहिणीपुढे कबूल करायची लाज वाटली, म्हणून हो म्हणालास. एवढेच असते तर मी तुला माझ्या हातांनी पदराखाली घेतले असते. पण मे महिन्यात नेल मेली तेव्हा तू गप्प राहिलास. तुझ्या बहिणीने बापाशी मनमोकळे बोलणे टाकले तेव्हा गप्प राहिलास. आणि बाप स्वतःच्या डोक्यावरचा विश्वास गमावून बसला तेव्हा तू गप्पसुद्धा राहिला नाहीस, हो म्हणालास, होतं असं वयानं. मी सोरकाला अजून बोलले नाही, बाबांनाही नाही. माझ्या तोंडून ऐकले तर ते म्हणतील, बायको मन राखायला काहीतरी बोलते. हे त्यांनी तुझ्याकडूनच ऐकले पाहिजे, आणि गुरुवारच्या आधी. तुझ्यावर रागावतील, ओरडतील. ओरडू देत, मला तो आवाज ऐकून फार दिवस झाले. फोन कर. मी उचलणार नाही. किती का वाजेना, वाजू दे. ते घरातच असतात आता.

अजूनही तुझीच,
आई