पुस्तकातला तांडा

मु. पांगरवाडी
मार्गशीर्ष वद्य ४, शके १८५६

ती. दादांस,

शालिग्रामाचा सा. न. वि. वि. इकडे सर्व खुशाल.

नव्या इतिहासाच्या पुस्तकाचा मुलांवर काय परिणाम झाला, हे पाहायला काल डिपटीसाहेब शाळेत आले होते. शेरा फार चांगला मिळाला, तरी घास गोड लागत नाही.

पुस्तकात ‘पेंढाऱ्यांचे तांडे गावे लुटीत’ असे वाक्य आहे. पेंढारी म्हणजे कोण, असे साहेबांनी विचारले. आमच्या मुलांना तांडा एकच ठाऊक, नाल्यापलीकडचा, बंजाऱ्यांचा. सारा वर्ग एका सुरात म्हणाला की पेंढारी म्हणजे तांड्यातले लोक, अन् ही हिरी त्यातलीच! साहेब हसले. पोरे धडा गावाशी जोडून घेतात, असे म्हणाले आणि ‘परिणाम उत्तम’ लिहून निघाले. मी नुसता उभा राहिलो.

हिरी ही तांड्याच्या नाईकांची, दौलतसिंगांची नात. तिकडून शाळेत येणारी ती एकटीच. आज आली नाही.

वहिनींस नमस्कार. लोभ आहेच, तसाच राहो.

आपला,
शालिग्राम


मालेगाव
मार्गशीर्ष वद्य ७

चि. शालिग्राम यास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र वहिनीला वाचून दाखवले. ती म्हणते, भाऊजींना चांगला शेरासुद्धा पचत नाही, ओवा पाठवा!

थट्टा राहू दे. साहेब तुझ्यावर इतके खूश आहेत, की येत्या सोमवारी आम्हा सगळ्या मास्तरांना तुझा वर्ग दाखवायला आणणार आहेत. चार लोकांत त्यांचा शेरा खोटा पाडू नकोस. अशा मास्तराची बदली कुठल्या रानात होते, ते तू पाहिले आहेस. मुले विसरून जातील. मुलगीही येईल.

तुझे भले इच्छिणारा,
जगदेव


पांगरवाडी
मार्गशीर्ष वद्य ९

ती. दादांस सा. न. वि. वि.

मुले विसरत नाहीत. सुटीत ती आता ‘पेंढारी’ खेळतात आणि तांड्याच्या गुरांना दगड मारतात. पहाटे जपाला बसतो, तर माळ हातात तशीच राहते.

काल तांड्यावर गेलो. दौलतसिंगांनी खाट टाकली, चहा सांगितला. त्यांची बायको रुपाबाई चुलीपाशीच बसून मोठ्याने म्हणाली, की लुटारूच्या घरचा चहा मास्तरले चालते का, पुसा बरं आंधी! मी कप खाली ठेवू शकलो नाही आणि पिऊही शकलो नाही.

नाईक रागावले नाहीत, तेच जड गेले. त्यांचे आजे बैलांच्या पाठीवर मीठ घालून गावोगाव पुरवायचे, आमच्या गावालाही. ते तुमच्या पुस्तकात काहून नाही, असे त्यांनी विचारले. पोरगी धाडतो म्हणाले, पण ज्या साहेबापुढे ती लुटारू झाली, त्याच साहेबापुढे तुमी तिले सोडवा. मागाहून सांगून काय फायदा?

दादा, सोमवारी आपण तिथे असाल. मला धीर होईल की नाही, देव जाणे. माया असू द्यावी.

आपला,
शालिग्राम


मालेगाव
मार्गशीर्ष वद्य १४

चि. शालिग्राम यास आशीर्वाद.

सोमवारी साहेबांच्या देखत तुझ्याशी एक शब्द बोललो नाही, म्हणून लिहितो.

साहेबांनी तोच प्रश्न टाकला आणि मुले उत्तर द्यायच्या आत तू उठलास. मागचे उत्तर चुकीचे होते, पुस्तकातला तांडा म्हणजे लुटारूंची टोळी, आपला तांडा म्हणजे मीठ पुरवणाऱ्यांची वस्ती, हे तू सगळ्यांदेखत सांगितलेस. तू साहेबांकडे पाहत होतास, म्हणून दाराकडे लक्ष गेले नसेल. हिरी पाटी काखेत धरून उभी होती. तुझे बोलणे संपल्यावर ती उंबऱ्याच्या आत येऊन बसली. पाटी मात्र काखेतच होती.

शेरा खोडला गेला. बदलीचेही साहेब बोलले. खोटा धीर देत नाही.

काल मी माझ्या वर्गाला तोच प्रश्न विचारला. पेंढारी कोण? साऱ्या पोरांनी मागच्या रांगेत एकाच जागेकडे बोट दाखवले. तिथे धनसिंग बसायचा. गेला महिनाभर जागा रिकामी आहे, आणि मी पटावर ‘आजारी’ लिहीत होतो.

उद्या त्याच्या तांड्यावर जातो आहे. पहिले वाक्य काय बोलावे, सुचत नाही. तू काय बोलला होतास, ते उलट टपाली कळव.

तुझा,
जगदेव