बेलापूरच्या बाईंना माईक दिला नाही, त्याबद्दल

प्रिय बापू,

परवा तुझं तेरावं. त्याआधी हे लिहायलाच हवं, नाहीतर घास उतरायचा नाही. सातवीतून शाळा सुटली, तेव्हापासून अर्ज आणि सह्या सोडून मी काही लिहिलेलं नाही. चुकलं तर समजून घे.

काल घाटावर तुझी दशक्रिया झाली. माणूस मावत नव्हता. तू पोलिसात आयजी होऊन रिटायर झालास, मग भाषणं होणारच. दहाव्याला कोणाला बोलू दिलं आणि कोणाला नाही, यावरून आपल्याकडे वर्षभर धुसफूस चालते. म्हणून नावं पुकारायचं काम मीच घेतलं. कशाला घेतलं, असं आता वाटतं.

पहिला माईक अण्णासाहेबांना दिला. हो, तेच पुढारी. त्यांचे वाळूचे हायवा ट्रक पोलिसांनी धरले, तेव्हा त्यांना घेऊन मी तुझ्या सावेडीच्या फ्लॅटवर आलो होतो. तू दारातच म्हणालास, "दादा, तू आत ये, चहा घे. यांचं काम पोलीस ठाण्यात आहे, माझ्याकडे नाही." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कितीतरी महिने मी तुला फोन केला नाही.

काल ते माईकवर म्हणाले, "साहेबांनी माझा शब्द कधी खाली पडू दिला नाही." मग माझ्याकडे बघितलं. आणि मी मान हलवली, बापू. तुझ्या फोटोसमोर उभा राहून हो म्हणून मान हलवली. काय करू? नातू त्यांच्या संस्थेत मास्तर आहे, अजून कायम झालेला नाही.

तेवढ्यात बायकांतून एक म्हातारी उठून माझ्याजवळ आली.

"दादा, मी बेलापूरची. मला दोन सबद बोलू द्या. साहेबांनी माझ्या लेकीसाठी..."

मी तिचं पुरतं ऐकलंही नाही. "बाई, मोठी माणसं खोळंबलीत. बसून घ्या."

"बसते की. मला कुटं घाई हाय?" म्हणाली आणि तिथंच खाली बसली. कारखान्याचे बोलले, बँकेचे बोलले, सोसायटीचे बोलले. तिचं नाव मी पुकारलंच नाही.

घरी आल्यावर तुझी बायको शालन म्हणाली, "दादा, मावशींना का बोलू दिलं नाही?"

"कोण मावशी?"

तिनं सांगितलं तेव्हा मला कळलं. त्यांची मुलगी विदर्भात दिलेली. ती जळून गेली आणि ठाण्यात स्टोव्हचा भडका म्हणून नोंद झाली. तू तिथं एसपी होतास. बंगल्याच्या फाटकावर बसलेल्या या बाईला तू आत घेतलंस, सगळं ऐकलंस, तपास पुन्हा करायला लावलास. सासरचे वजनदार होते. तुझी बदली झाली, पण तोवर केस उभी राहिली होती आणि जावयाला शिक्षा लागली. तेव्हापासून दर भाऊबीजेला त्या तुला ओवाळायला येत.

तू तरी मला कधी बोललास का? गावी आलास की कांद्याला काय भाव मिळाला, एवढंच विचारायचास. तुझ्या बदल्यांपायी शालननं दर नव्या घराला पडदे शिवणं सोडलं, एवढं मला माहीत होतं. त्या कशामुळे होत होत्या, ते मी विचारलं नाही. साहेबाचा भाऊ म्हणून मिरवायला मात्र सगळीकडे पुढे.

लोक म्हणाले, कावळा लगेच शिवला, साहेब तृप्त होऊन गेले. मी खाली मान घालून उभा होतो. तू रुसला असतास तर बरं झालं असतं.

उद्या पहिल्या एसटीनं बेलापूरला जातो. शालनकडून पत्ता घेतलाय. बाईंची माफी मागतो आणि तेराव्याला या म्हणतो. येतील का त्या? त्यांच्या जागी मी असतो तर आलो नसतो.

परवा जेवणाआधी माईक लावायला सांगितलाय. अण्णासाहेब समोर असतील. त्यांच्यासमोर तुझ्या दारातली गोष्ट मी जशीच्या तशी सांगेन. नातवाला आज संध्याकाळी कल्पना देतो. तो रागावेल, आणि त्याचं चुकणार नाही. पण नावं पुकारणारा मीच आहे. पहिलं नाव बाईंचं घेईन, आणि त्यांचं बोलून पुरं होईपर्यंत कोणालाही उठू देणार नाही. मी स्वतःसुद्धा उठणार नाही.

तुझा थोरला भाऊ,
दादा
तिसगाव