एकशे चार किलोमीटर

२ फेब्रुवारी, सोमवार

ताईनं काल सांगून टाकलं. महिनाअखेर ती जाणार. तिच्या सुनेचे दिवस भरत आलेत, मुलानं तिकीटही काढलंय. सांगताना माझ्याकडे बघत नव्हती, भाजी निवडत होती. चौदा महिने स्वतःचं घर सोडून माझ्या बायकोची उस्तवार करतेय. आणखी किती करेल? माझी सख्खी बहीण झाली म्हणून काय झालं.

आज पहाटेच्या बसनं परत इथे. कारखाना हलवला तेव्हा साहेब म्हणाले होते, "एकशे चार किलोमीटर म्हणजे काय हो, महामार्ग आहे, दीड तास." दीड तास — ज्याच्याकडे गाडी आहे त्याला. बसला तीन लागतात, आणि पाचनंतर बसच नाही. म्हणून सोमवार ते शनिवार ही खोली. दोन कॉट, एक खिडकी. भिंतीला पाठ टेकवली की पलीकडच्या पुठ्ठ्याच्या मशीनची थरथर मणक्यात येते.

गाडी घ्यायची. जुनी, स्वस्त, पण वाटेत दगा न देणारी. ताई गेल्यावर दिवसभराची बाई मिळेल, ती सात ते सात थांबेल. साडेसातला मी रस्त्यात बॉनेट उघडून उभा असलो तर घरी ही एकटी. पडली, तहान लागली, तरी शेजारणीला हाक मारू शकत नाही.

३ फेब्रुवारी

फोन केला. ताई फोन तिच्या कानाला लावते. मी बोलायचं, तिनं डाव्या हाताच्या नखानं टकटक करायचं — एकदा हो, दोनदा नाही. अर्धांगाचा झटका आल्यापासून आमचा संसार असा चाललाय.

म्हटलं, "गाडी बघतोय. रोज घरी येईन."

टकटक आली नाही. थोड्या वेळानं ताईचा आवाज. "रडतेय रे. बरं वाटून रडतेय, घाबरू नकोस."

५ फेब्रुवारी

ही केवढी बोलायची! भाजीवाल्याशी, बसमधल्या अनोळखी बाईशी, उतू जाणाऱ्या दुधाशी. सिनेमा बघताना पुढचं सगळं आधीच सांगून मोकळी. मी म्हणायचो, "अगं, जरा श्वास घे."

कशाला म्हणायचो.

७ फेब्रुवारी, शनिवार

आमच्या फोर्कलिफ्टचा मिस्त्री सोबत आला. जुन्या गाड्यांच्या दुकानात पांढरी शुभ्र पेट्रोल गाडी, काट्यावर बेचाळीस हजार किलोमीटर. मी हुरळलो. मिस्त्री खाली वाकला, क्लचच्या पेडलवर बोट फिरवलं. रबर पार गुळगुळीत.

"बेचाळीस हजारांत पेडल असं झिजत नाही," म्हणाला. "काटा मागे फिरवलाय."

दुकानदार हसला. "तुम्हाला गाडी घ्यायची आहे की परीक्षा?"

"परीक्षाच," मिस्त्री म्हणाला. आम्ही निघालो.

१२ फेब्रुवारी

लाल गाडी. एका शिक्षिकेची. छोटी, देखणी, माझ्या खिशाला परवडणारी. बघताक्षणी मला भूल पडली. हिला लाल रंग आवडतो.

महामार्गावर नव्वदला स्टिअरिंग हातात थरथरायला लागलं. मिस्त्रीनं डिकीतलं कापड उचलून दाखवलं. खाली पत्र्यावर वेल्डिंगची जाड शिवण. मागून जबर मार खाल्लेली. शिक्षिका बिचारी ओशाळली. तिनंही कुणाकडून तरी घेतलेली, तिला ठाऊकच नव्हतं.

"गावातल्या गावात चालेल," मिस्त्री म्हणाला. "पण वहिनींना बसवून शंभरनं पळवणार असाल तर मी नाही म्हणेन."



१५ फेब्रुवारी, रविवार

घरी. वाचेचे व्यायाम घेणाऱ्या बाई आल्या होत्या. हिच्यापुढे चित्रं ठेवतात — कप, किल्ली, चप्पल. ही ओठ हलवते, घाम येतो, आणि शेवटी नुसती हवा. मग चिडून चित्रं ढकलून देते.

जिन्यात बाईंना विचारलं. "शब्द पुसले गेलेले नाहीत," म्हणाल्या. "आत आहेत. बाहेर यायची वाट बंद झालीय."

"उघडेल?"

"सांगता येत नाही."

ताईची बॅग अर्धी भरलेली दिसली.

१९ फेब्रुवारी

फोनवर हिला म्हटलं, "नाहीच मिळाली तर नोकरी सोडतो."

टक् टक्. जोरात. मग पुन्हा टक् टक्.

२२ फेब्रुवारी, रविवार

आज सगळं सविस्तर लिहायचं.

आमच्याच पेठेतला, औषध कंपनीचा एक विक्रेता, तीस वर्षं फिरतीवर, आता निवृत्त. त्याची डिझेल गाडी. रंग शेवाळी, एका दाराला पोचा, काट्यावर दोन लाख अकरा हजार. बघूनच माझा चेहरा पडला. मिस्त्री खास बसनं आला होता, त्याचा मात्र उजळला. कारण त्या गृहस्थांनी फाइल आणून ठेवली. प्रत्येक ऑइल बदलल्याची पावती, तारीखवार. इंजिनाचा टायमिंग बेल्ट मागच्याच वर्षी नवा.

"आकडा मोठा आहे हो," मी म्हटलं.

"सगळा महामार्गावरचा आहे," मिस्त्री म्हणाला. "एका लयीत धावलेलं इंजिन. ती पांढरी खोटं बोलत होती, ही खरं बोलतेय."

महामार्गावर शंभरला नेली. स्टिअरिंग स्थिर. चढाला दम लागला नाही. उभी केल्यावर मिस्त्रीनं रस्त्यावर पुठ्ठा अंथरून खाली डोकं घातलं. तेलाचा थेंब नाही.

तशीच घरापाशी आणली. ताईनं हिला धरून खाली आणलं. सीट उंच, दार पुरतं उघडतं. हिनं डाव्या हातानं वरची मूठ पकडली, उजवा पाय मी उचलून आत ठेवला, आणि ती बसली. कुणी ओढलं नाही, ढकललं नाही. मग उतरायला तयारच होईना. दहा मिनिटं समोरच्या काचेतून बघत बसून राहिली. औषधविक्रेते दाराशी अवघडून उभे.

"वहिनींनी पास केली," मिस्त्री म्हणाला.

मी विचारलं, "हीच घ्यायची?"

तिनं काचेवर नख वाजवलं. एकदा.

२८ फेब्रुवारी, शनिवार

कागद माझ्या नावावर झाले. ताईला गाडीनं स्टेशनावर सोडलं. डब्यात चढताना म्हणाली, "सावकाश जा, पण वेळेवर जा."

२ मार्च, सोमवार

पाच वाजता निघालो. सहा पस्तीसला दारात. बाई अजून चपात्या लाटत होती.

५ मार्च

रोज घरी येतो. समोर बसून जेवतो, तिच्या उजव्या हाताला तेल लावतो. यासाठीच तर सगळा खटाटोप होता.

तरी घरी पोचलो असं वाटत नाही. ती समोर असते, आणि मला तिची आठवण येत राहते. हे कुणाला सांगावं?

८ मार्च, रविवार

हिला महामार्गावर फिरवून आणलं. एक ट्रक एकदम पुढे घुसला, मी ब्रेक दाबला. शेजारून आवाज आला — घोगरा, फाटका, पण तिचा.

"अहो. हळू."

काटा पन्नासवर होता. चाळीसवर आणला.