वाणीला एकोजीकडे द्या

रविवार, ३ ऑगस्ट २००८

खोली सोडणार होतो. बॅग भरली होती. जिन्यात घरमालकांची वाणी भेटली. म्हणाली, "कॉलेज सोडलंस, आता खोलीपण सोडतोस? एखादी गोष्ट धरून ठेव की."

बॅग परत वर आणली.

आईला फोनवर सांगितलं, ओरगडमच्या कारखान्याची बस इथं तांबरमला दारातून मिळते, म्हणून राहतोय. आई म्हणाली, बरं. बार्शीत बसून सगळं ओळखते ती.

शनिवार, ९ ऑगस्ट

खाली बोलावणं आलं. वाणीचे अप्पा, वादिराज सर. तीस वर्षं नागपट्टणमच्या शाळेत गणित शिकवलं त्यांनी. खुर्ची पुढे करून म्हणाले, "बसा, देवेशराव." बावीस वर्षांच्या माणसाला राव! लेक्चररची कॉलर धरल्यावर कॉलेजात मला जी नावं पडली ती इथंसुद्धा लिहिणार नाही.

काम असं: त्यांचा हात कापतो. ते सांगणार, मी लिहायचं. धाकट्या रघुरामसाठी. त्सुनामीत आई गेली तेव्हा रघू चार वर्षांचा होता, आता आठ. तिचं काहीही आठवत नाही त्याला.

"तमिळ लिहिणारे शंभर मिळतील," सर म्हणाले. "पण रत्नप्रभा लेंकरांशी मराठीच बोलायची. तिचं बोलणं तमिळमध्ये कसं घालू?"

घरात सगळे मराठी बोलतात, त्यांचं तंजावरचं. पण वाचता येतं एकट्या सरांना. म्हणून दुसरं काम: रघूला अक्षरं शिकवायची.

हो म्हणालो. रोज संध्याकाळी खाली जायला मिळणार. ते मेलेल्या बायकोबद्दल बोलत होते आणि मी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होतो. असा मी.

रविवार, १७ ऑगस्ट

पहिली चार पानं झाली. मला वाटलं होतं लाटेपासून सुरुवात करतील. सरांनी सुरुवात केली वेणीपासून.

लाट आली त्या दिवशी वाणीचा उजवा खांदा निखळला. सहा आठवडे हात गळ्यात. पंधरा वर्षांची मुलगी, केस कंबरेपर्यंत, आई नाही. सर शेजारणीकडे जाऊन वेणी शिकले. "तीन पदर, देवेशराव. उजवा मधल्यावर, मग डावा मधल्यावर. सूत्र कळलं की सोपं."

आतून आवाज आला, "सोपं? हात बरा झाला तरी दहावी संपेपर्यंत वर्गात मला झाडू म्हणायचे."

"झाडू तर झाडू. सुटली का कधी?"

"कशी सुटणार? दोऱ्याला गाठी मारायचात, अप्पा. कात्रीनं कापायला लागायच्या."

सर हसले. मग म्हणाले, हे लिहा. हेपण लिहा.

रघू इतका वेळ माझ्या मांडीला टेकून बसला होता. एकदम म्हणाला, "अम्मा माझ्यावर रागवायची का?"

"रागवायची तर. भात सांडलास की म्हणायची, हा कोण आला बाई घरात, ह्याला दुकानात परत द्या."

रघूचा चेहरा असा उजळला! "ते लिहा, अण्णा. अस्कं लिहा." अस्कं म्हणजे सगळं. लाड बाकीचे करतात त्याचे. त्याला आईचं रागावणं हवं होतं.

रविवार, ७ सप्टेंबर

एकोजीमामा आले होते. रत्नप्रभाबाईंचे धाकटे भाऊ, अठ्ठावीसचे, शोळिंगनल्लूरला सॉफ्टवेअरमध्ये. दर रविवारी मोटारसायकलवर येतात. वाणी त्यांचं हेल्मेट ओढून घेते, पाठीत धपाटा घालते, "मामा, पुन्हा केळीच आणलीस?" दुसरा कोणी असता तर मी त्याचं डोकं फोडलं असतं. पण मामा तो मामा.

स्टेशनजवळ आम्ही दोघं कॉफी प्यायला गेलो आणि मी सगळं सांगून टाकलं. म्हणालो, "मामा, तुमच्या भाचीशिवाय मला काही सुचत नाही. सरांकडे तुम्हीच माझा विषय काढा."

ते कॉफी पेल्यातून वाटीत, वाटीतून पेल्यात ओतत राहिले. पार निवेपर्यंत. मग म्हणाले, "मला सांगितलंस ते बरं केलंस. अजून कोणाला सांगू नकोस."

किती सज्जन माणूस.

सोमवार, २९ सप्टेंबर

वाणी म्हणाली, "रागावलास की तुझे कान लाल होतात. वर पातेलं ठेवलं तर दूध तापेल." दिवसभर कारखान्याच्या स्टोअरमध्ये कान चाचपत होतो.

बुधवार, २९ ऑक्टोबर

नीट लिहितो.

रघूला जोडाक्षरं शिकवत होतो. त्यानं पाटीवर 'लग्न' लिहिलं आणि विचारलं, बरोबर? मी म्हणालो, शाब्बास, कोणाचं लग्न? "वाणीअक्काचं. डिग्री झाली की. मामाशी."

मी हसलो. म्हटलं, अरे वेड्या, मामाशी कसं होईल?

"मग कोणाशी?" त्यानं खरंच विचारलं. त्याला कळेना मी का हसतोय.

आमच्याकडे मामा भाचीचा हात धरून तिला बोहल्यापर्यंत आणतो. इथं तो बोहल्यावर उभा राहतो! आणि मी ज्याला माझा वकील केला तोच—

रघूच्या हातातली पाटी घेऊन आपटली. दोन तुकडे. तो रडला नाही. त्यानं तुकडे गोळा केले, मोठ्या तुकड्यावर 'ग्न' उरला होता तो मला दाखवला आणि म्हणाला, "अवघड होतं ते राहिलं, अण्णा."

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर

रघूला नवी पाटी आणली.

मामा फाटकात भेटले. मी म्हणालो, "तेव्हा कॉफी पिताना का नाही सांगितलंत?"

"काय सांगणार? माझ्या अक्कानं जाता जाता भावजींना सांगितलं, वाणी एकोजीला द्या म्हणून. मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. मला विचारलंय कोणी?"

"वाणीला तरी विचारलंय?"

"तूच विचार."

विचारलं. गच्चीवर वाळलेले कपडे काढत होती. चिमटे मोजल्यासारखे करायला लागली. मग म्हणाली, "अम्मा शेवटचं एकच बोलली. ते मोडून मी कुठं सुखानं राहणार, देवेश?"

माझं नाव तिनं पहिल्यांदा घेतलं. ते ह्या वाक्यात.

रविवार, ९ नोव्हेंबर

खाली गेलो नाही. रघू वर आला, वही घेऊन. दारातच उभा. "आज माझ्या पडलेल्या दाताचं आहे. अप्पा म्हणतात देवेशराव नसले तर राहू दे."

गेलो.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

दोन दिवस वादळ. टीव्हीवर काल रात्रीपासून मुंबई, गोळीबार, आग. आईचा फोन येऊन गेला. दुपारी वीज गेली आणि गल्लीत पाणी चढायला लागलं. फाटकाच्या आत आलं तसे सर खुर्चीतून उठले आणि रघूला उचलून घेतलं. आठ वर्षांच्या घोड्याला. पाणी पहिल्या पायरीवर थांबलं तरी खाली ठेवेनात. वाणी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होती, "पावसाचं आहे, अप्पा. सुम्मा, नुसतं पावसाचं. ओसरेल."

मग ते म्हणाले, "देवेशराव, वही आणा. आज सांगतो." वाणीला आणि रघूला वरच्या खोलीत पाठवलं.

चार वर्षांत पहिल्यांदा त्या दिवसाबद्दल बोलले. मी जसं ऐकलं तसं लिहून घेतलं. रविवार सकाळ. इडल्या झाल्या होत्या, मामा सुट्टीला आलेले. मागच्या दारानं पाणी आलं, काळं. जिना घराच्या पुढच्या अंगाला, तिकडं जाता येईना. चौघं मागच्या अंगणातल्या, घराच्या भिंतीला लागून असलेल्या टाकीवर चढले. रघू सरांच्या मानेला लोंबकळलेला. वाणीच्या नाकातोंडात पाणी गेलेलं, ती शुद्धीत असून नसल्यासारखी. रत्नप्रभाबाईंनी सरांचं मनगट धरलेलं. पाणी छातीला लागलं.

"ती म्हणाली, वाणीला एकोजीकडे द्या. आणि तिनं आपण होऊन माझं मनगट सोडलं."

मग म्हणाले, "हे नीट लिहा. अक्काचं लग्न मामाशी का, ते रघूला कळलं पाहिजे."

माझ्या हातानं! मी पेन टाकून वर निघून आलो. म्हातारा माणूस मेणबत्तीपाशी एकटा बसलेला, दारात पाणी, आणि मी निघून आलो.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

बस बंद. खाली जाऊन माफी मागितली. सर म्हणाले, "तुमचे कान लाल झालेले दिसले. शरि, असू दे, बसा."

म्हणजे त्यांना सगळं माहीत आहे. कधीपासून, ते विचारायची हिंमत झाली नाही.

अर्धं वाक्य पुरं केलं. मग पुढचं लिहायला म्हणून विचारलं, फक्त लिहायला म्हणून, की त्या वेळी मामा कुठं होते?

"गच्चीवर. तिनंच कपडे वाळत घालायला पाठवलं होतं. कठड्यावर पालथा पडून दोन्ही हात खाली सोडले होते त्यानं."

"वाणीला वर कोणी दिलं?"

"मी. दोन्ही हात लागले. त्यानं धरली, ओढली, त्यातच तिचा खांदा गेला. मग रघूला दिला. वळून पाहिलं तर टाकीवर कोणी नव्हतं."

माझं पेन थांबलं. सरांचं लक्ष नव्हतं, ते पायरीकडे बघत होते. मी हळू विचारलं, "हे असं सगळं आधी कोणाला सांगितलं होतंत?"

"पाण्याचं कोणाला नाही. तेराव्याला सासूबाईंनी विचारलं, माझी लेक शेवटचं काय बोलली? तेवढं एक वाक्य सांगितलं. लाट यायच्या आधी महिनाभर त्या मागं लागल्या होत्या, वाणी एकोजीलाच द्या. मी नको म्हणत होतो, मुलगी शिकू दे. ते वाक्य ऐकलं आणि त्या म्हणाल्या, बघा, लेकीनं शब्द घेतला. मग मी काय बोलणार?"

शनिवार, २९ नोव्हेंबर

झोप नाही. ओरडावंसं वाटतंय. आयुष्यात पहिल्यांदा ओरडलो नाही.

अमक्यांकडे मुलगी दिली, असं आम्हीही म्हणतो. पण ती बाई छातीभर पाण्यात उभी राहून सोयरीक जुळवत नव्हती. एकोजी वर होता. हात खाली सोडून होता. नवऱ्याचा एक हात तिच्या मुठीत होता. वाणीला एकोजीकडे द्या. आणि हात मोकळा करून दिला.

एवढंच होतं ते.

मामाला वरून काही ऐकू आलं नसणार, वाणी शुद्धीत नव्हती. सरांनी तेराव्याला वाक्य सांगितलं, ते कुठं उभं राहून म्हटलं ते सांगितलंच नाही.

रविवार, ३० नोव्हेंबर

सांगू कसं? मीच सांगितलं तर म्हणतील, पोरीसाठी मेलेल्या बाईचे शब्द फिरवतो. आणि खोटं काय त्यात? आधी मला वाणीच सुचली होती. सर नंतर सुचले.

सरांपाशी तिचं हे एकच वाक्य उरलंय. चार वर्षं त्याच्यावर जगलेत. ते काढून घेणारा मी कोण?

वाणीनं जेवायला थांबवलं. पातळ सांबारं. म्हणाली, "कान लाल नाहीत तुझे. बरं नाही का?"

रविवार, ७ डिसेंबर

ठरलं. माझा एक शब्द घालायचा नाही. सर जसं बोलले तसं, ज्या क्रमानं घडलं त्या क्रमानं उतरवायचं. कोण कुठं उभं होतं, कोणाचा हात कोणाच्या हातात होता. त्यातून कोणाला काही दिसलं तर दिसलं. नाही दिसलं तर वाणीच्या लग्नात पंगत वाढीन आणि मग खोली सोडीन.

पक्की प्रत आज संपली. मोठ्या, सुट्या अक्षरांत लिहिली, रघूला वाचता यावी म्हणून.

शुक्रवार, १२ डिसेंबर. मार्गशीर्ष पौर्णिमा

आज तिथी. श्राद्धाची पानं उठल्यावर सर म्हणाले, रघू, वाच. वाणी, मामा, सगळे बसले. मी दाराशी.

अक्षराला अक्षर लावत वाचलं त्यानं. "ए-को-जी-नं गच्चीवरून हात खाली सोडले होते. रत्नप्रभेनं माझं मनगट धरलं होतं. ती म्हणाली, वाणीला एकोजीकडे द्या. तिनं माझा हात सोडला. मी दोन्ही हातांनी वाणीला उचललं आणि एकोजीकडे दिलं."

मामांनी मान वर केली. वाणीचा हात उजव्या खांद्यावर गेला.

सर म्हणाले, "परत वाच."

रघूनं परत वाचलं. सरांनी आपले कापणारे दोन्ही हात पुढे धरून पाहिले, मग भिंतीवरच्या फोटोकडे वळले.

"दिली होती की गं," ते म्हणाले. "तेव्हाच दिली होती."