मोगऱ्याच्या टाक्याचं पांघरूण

निर्मळ,
नोव्हेंबर १९८२

ती. सौ. द्वारकाताईस,

धाकट्या नरहरीचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (डोकं मनातल्या मनात ठेवलं आहे, कारण प्लास्टर निघालं तरी वाकलं की घोटा कुरकुरतो.) नाशिकच्या थंडीत तुझा दमा कसा आहे? भावजींना गरम पाण्याच्या गुळण्या करायला सांग, फक्त मी सांगितलंय म्हणू नकोस, म्हणजे ते करतील. इकडे सर्व क्षेम. केळीला घड बरे आहेत, चंद्रकांता ठीक आहे, आणि तुझा भाऊ सध्या गावात नावाजला गेला आहे. ही बातमी दुसऱ्या कोणी तिखटमीठ लावून सांगण्याआधी मीच सांगतो. मीठ मी बेतानं घालतो.

पाटाच्या चिखलात घसरून मी पाय मोडला, हे तुला कळलंच होतं. बागाईतदार माणूस ओटीवर खाटेला खिळला की त्याचं काय होतं, ते चंद्रकांतेला विचार. मी तिला भाजी कशी चिरावी ते शिकवत होतो. अशात शेजारच्या सालोमीबाई समाचाराला आल्या. त्यांच्या चर्चच्या बायका लोकरीचे चौकोन विणतात, ते जोडून पांघरुणं करतात आणि इथल्या सिस्टर निराधार म्हाताऱ्यांसाठी जे घर चालवतात तिथे देतात. बोलता बोलता त्यांचा हात चाललेलाच. मी म्हटलं, लहानपणापासून वेण्या-गजरे बांधणाऱ्याला हे काय अवघड? त्यांनी पिशवीतून क्रोशाची सुई आणि लोकरीचा गुंडा काढला, माझ्या छातीवर ठेवला आणि गेल्या. त्या गेल्यावर चंद्रकांता बऱ्याच दिवसांनी हसली.

ताई, हे काम सोपं नाही. साखळी जमली, खांब म्हणजे उभे टाके जमले, पण माझा पहिला चौकोन कडा वर करून वाटीसारखा उभा राहिला. हिने तो चहाच्या किटलीवर बसवला, आणि खरं सांगायचं तर चहा गरम राहिला. सालोमीबाईंचे यजमान आलोशियस रोज संध्याकाळी येऊन, आज टोपी की मोजा, असं विचारून जायचे. मग मी हट्टाला पेटलो. सालोमीबाईंच्या पुस्तकात एक उठावाचा टाका होता. एकाच घरात पाच खांब घालायचे आणि त्यांची तोंडं आवळून एक करायची, की कापडावर टपोरी कळी उभी राहते. पुस्तकात त्याचं नाव काहीतरी इंग्रजी आहे. मी त्याला मोगऱ्याचा टाका म्हणतो, आणि आता (हे मुद्दाम लिहितो) सालोमीबाईसुद्धा तेच म्हणतात.

एवढे चौकोन झाले की खाटेखाली मावेनात. मग मी ते सालोमीबाईंच्या ओसरीवर बायकांच्या बैठकीत पाठवून दिले, आणि शाबासकी येईल म्हणून स्वच्छ बंडी घालून बसलो. शाबासकीऐवजी कॅथरिनबाई आल्या. जोडणीचं काम त्यांच्याकडे, आणि त्यांच्या नजरेतून सूतभर वाकडं सुटत नाही. त्यांनी सगळे चौकोन माझ्या पांघरुणावर मांडले. एक तळहाताएवढा, तर एक ताटाएवढा.

"नरहरीभाऊ, कळी छान आहे," त्या म्हणाल्या. "पण ह्यातले दोन शेजारी शेजारी बसणार नाहीत. म्हाताऱ्या माणसाचा पाय भोकातून बाहेर येईल."

मी म्हटलं, मोगऱ्याच्या कळ्या तरी कुठे सारख्या असतात? त्या म्हणाल्या, "गजऱ्यात तुम्ही सारख्याच निवडून घेता ना?" त्या दिवशी मी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी मात्र लग्नाची एक जुनी पत्रिका चौकोनी कापून माप केलं आणि सगळं उसवायला घेतलं. उसवताना काय वाटतं, ते पावसात लावणी वाहून गेलेल्यालाच कळेल. पण पुन्हा विणलं. ह्या वेळी कॅथरिनबाईंनी चौकोनावर चौकोन ठेवून चारी बाजूंनी पाहिलं आणि सरळ पिशवीत भरले. त्यांनी पिशवीत भरणं म्हणजे दुसऱ्या कुणी सत्कार करणं.

पांघरुणं द्यायला सालोमीबाई आणि आलोशियस ह्यांच्याबरोबर मीही काठी टेकत सिस्टरांकडे गेलो. तिथे शेजारच्या कळंब गावची एक म्हातारी आहे, धोंडूबाई. डोळे पार गेलेले. ती प्रत्येक पांघरुणावर हात फिरवून, नको, नको, म्हणत पुढे सरकवत होती. माझं हातात आलं आणि तिची बोटं थांबली. एक कळी चाचपली, मग दुसरी.

"मना दिसत नाय," ती म्हणाली, "पन ह्यो मोगराच हाय. कोनी केला?"

सालोमीबाईंनी मला पुढे ढकललं. म्हातारीने माझे हात चाचपले, चरे बोटांना लागले तशी म्हणाली, "ह्यो तर बागवाल्याचा हात," आणि पांघरूण अंगाभोवती घेऊन बसली. सिस्टरना ते पाहुण्यांच्या खोलीत मांडायचं होतं. धोंडूबाईने सोडलं नाही. ताई, आपल्या बागेच्या फुलांना दादरच्या बाजारात भाव येतो तेव्हा बरं वाटतं, पण हे बरं वाटणं निराळं होतं. परत येताना टोपी-मोजावाल्या आलोशियसनी मला टेकायला खांदा दिला. त्यांनी माझी काठी धरली.

भावजींना नमस्कार. प्रकृतीला जप.

तुझा धाकटा,
नरहरी

ता. क. : कळंबच्या बायकांनी हा टाका शिकवायला मला बोलावलं आहे. मी हो म्हटलं.

ता. क. २ : ताई, मला कोपरा वळवता येत नाही. विणता विणता कोपरा आला की मी डोळे मिटून पडायचो आणि उघडले की कोपरा वळलेला असायचा. ह्याबद्दल हिच्या-माझ्यात कधी बोलणं झालेलं नाही, आणि आता विचारायचं म्हणजे फार उशीर झाला. तू लग्नाआधी क्रोशाची तोरणं विणायचीस. चार दिवस ये आणि मला गुपचूप शिकव. हिला सांग की हवापालटाला आलीस.

ता. क. ३ : वन्सं, सा. न. ह्यांनी पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलं, पाकीट उघडंच होतं. तुम्ही जरूर या. आल्यावर सगळ्यांसमोर मला म्हणा, चंद्रकांते, मी कोपरा विसरले, जरा दाखव. मी ओटीवर उजेडात बसून सावकाश दाखवीन. हे तिथेच पेपर तोंडासमोर धरून बसलेले असतील. — चंद्रकांता