तीन नंबरच्या माइकची व्यवस्था

मी, प्रभाकर दामोदर टिपणीस, वय अडुसष्ट, माध्यमिक शाळेचा निवृत्त हेडक्लार्क व ‘सुस्वर ध्वनिमुद्रण’ या एका खोलीच्या स्टुडिओचा मालक, राहणार टेमघर, भिवंडी, जिल्हा ठाणे, हे मृत्युपत्र कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर आपखुशीने, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. हृदयाचे काही खरे नाही, असे डॉक्टर म्हणतात. कान शाबूत आहेत आणि नाक नको तितके शाबूत आहे. या नाकापायी मी जन्मभर माणसांपासून हातभर लांब उभा राहिलो, हे पुढील मजकूर वाचताना ध्यानात ठेवावे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. राहते घर माझी पत्नी सौ. सरला हिचे. तिच्या पश्चात मुलगा श्रीनाथ याचे. श्रीनाथ दापोड्याला गोदामावर सुपरवायझर आहे आणि त्याला जिकडे तिकडे गोदामच दिसते. मागची खोली, म्हणजे माझा स्टुडिओ, कापडाचे तागे ठेवायला भाड्याने द्यायचा त्याचा बेत मी दोनदा ऐकला आहे. भिंत पातळ आहे, हे त्याला माहीत असायला हवे होते. सरला आहे तोवर ती खोली कोणी भाड्याने देऊ नये. तिच्यानंतर गोदाम करा नाहीतर कापड विणायची लूम बसवा, मला काय त्याचे. फक्त पायरीवर थुंकणारा भाडेकरू ठेवू नये. पायरीच्या कोपऱ्यातले पानाचे लाल डाग मी चौदा वर्षे पत्र्याच्या तुकड्याने खरवडले आहेत.

कलम २. बँकेतले व पोस्टातले जे असेल ते सगळे सरलाचे. याबाबत जास्त लिहिण्यासारखे काही नाही.

कलम ३. हार्मोनियम सरलाच्या भजनी मंडळाला द्यावी. साधे दांडक्याचे दोन माइक आणि दोन्ही स्पीकर आमच्या गल्लीतला लाउडस्पीकरवाला केसरीनाथ याला द्यावेत. एवढेच. मी इस्पितळात सलाइनवर असताना हा गृहस्थ मोसंबी घेऊन आला आणि खाटेच्या कडेवर बसून म्हणाला, “काका, देव करो नि तुम्ही शंभर वर्षं जगा. पन तो मोठा माइक कोनाला देनार?” त्याच्या गालात गुटख्याचा तोबरा होता. माइक चालू आहे की नाही, हे तो फुंकर मारून पाहतो. मी एकदा समजावले, तर म्हणतो, “माइक तो माइक, काका. त्यात काय सोनं भरलंय?” कंडेन्सर माइकचा पडदा केसापेक्षा पातळ असतो. त्यावर ती ओली, गुलाबी फुंकर बसायची, या कल्पनेने मला पुन्हा अंघोळ करावीशी वाटते. मोठा माइक केसरीनाथला कोणत्याही परिस्थितीत देऊ नये. मोसंबी आंबट होती.

कलम ४. आता तो माइक. १९८६ साली मी तो मुंबईहून आणला. माझी ऐपत एकाच माइकची होती, त्यामुळे त्याच एकाने सगळे करायला हवे होते: भजन, ढोलकी, साडीच्या दुकानाची जाहिरात, शाळेतली भाषणे. दुकानात गिऱ्हाइके जाळीला ओठ लावून ‘हॅलो, हॅलो’ करीत होती आणि प्रत्येक जाळीला कोणाच्या ना कोणाच्या भज्यांचा वास होता. मी रुमाल काढून एकेक जाळी पुसली. दुकानदार माझ्याकडे बघत राहिला. बघू दे.

मी सरलाला, हार्मोनियमला आणि ढोलकीवाल्या दौलतला बरोबर नेले होते. तीन माइकांना एक, दोन, तीन अशा चिठ्ठ्या लावल्या, सरलाला पाठमोरी बसवून कानाला हेडफोन दिला आणि कोणता नंबर चालू आहे ते तिला कळू दिले नाही. किल्ल्यांचा जुडगा वाजवला, ढोलकी वाजवली, कुजबुजलो, खोकलो. नंबर एक सगळ्यांनाच गोड करीत होता. दौलतच्या शिंकेलाही त्याने साखर लावली. नंबर दोनमध्ये ‘स’ आणि ‘श’ कानात टोचत. मग सरला स्वतः तिन्हींवर बोलली, ते टेपवरून पुन्हा ऐकले आणि म्हणाली, “तिसऱ्यात माझा आवाज मला आवडत नाही तसाच्या तसा येतो. हाच घ्या.” माइक निवडण्याविषयी याहून शहाणे वाक्य मी कोणत्याही छापील माहितीपत्रकात वाचलेले नाही.

त्याचा पडदा जुन्या रुपयाच्या नाण्याएवढा रुंद आहे. एका बटणाने तो फक्त समोरचे ऐकतो, किंवा पुढचे आणि पाठचे, किंवा चहूकडचे. दुसरे बटण लूमची खालची घरघर कापते. तिसरे, ढोलकी जवळ वाजली तरी आवाज फाटू देत नाही. बाकी दिवस शेजारच्या लूम चालू असत, म्हणून चांगले काम मी शुक्रवारी, लूमच्या सुट्टीला करीत असे. हा माइक कोणाची भीडभाड ठेवत नाही. मला त्याच्याबद्दल तोच अभिमान होता.

कलम ५. हा माइक, त्याचा स्टँड, टेप मशीन व हेडफोन कोन गावच्या श्रीमती हौसाबाई यांची मुलगी चंद्रा हिला द्यावेत. श्रीनाथ विचारील की ही कोण. त्याचे उत्तर लिहून ठेवतो, कारण तोंडाने सांगायचे नऊ वर्षे जमले नाही.

आगऱ्यांच्या लग्नात धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाऊन विधी चालवणारी बाई म्हणजे धवलारीण. हौसाबाईंसारखी धवलारीण कल्याण-भिवंडी रस्त्यावर दुसरी नव्हती. मी स्वतः कोनला तीन खेपा घालून त्यांना आणले. १९८७ चा फेब्रुवारी, शुक्रवार. त्या चंद्रासह सहा बायकांना घेऊन आल्या. अंगाला सुक्या मासळीचा वास, दातांना मिश्री. मी माइक चहूकडचे ऐकणाऱ्या बटणावर ठेवला, त्याच्याभोवती सगळ्यांना बसवले आणि टेप सुरू केली. हौसाबाई म्हणाल्या, “नवऱ्याबिगर धवला कोनाला गाऊ? हवेला?” चंद्राने पिशवीतून मुंडावळ्या काढून माइकला बांधल्या आणि कालवलेली हळद त्याच्या जाळीला लावली. “नवरा लुकडा हाय,” ती म्हणाली, “पन कान मोठा हाय गो.” बायका हसल्या. मला शिसारी आली. ओली हळद, तीही जाळीला. दार उघडे टाकून आतल्या खोलीत गेलो आणि सरलाला जे सांगायचे ते सांगून आलो.

मग हौसाबाई अकरा मिनिटे गायल्या. त्या आवाजाचे वर्णन करण्याची माझी लायकी नाही. मी नाकाला रुमाल लावून बसलो होतो, आणि तो केव्हा खाली आला ते मला कळले नाही.

गाणाऱ्याला लगेच ऐकवायचे, हा माझा तोरा. मी फीत पार सुरुवातीपर्यंत मागे नेली आणि दोन्ही स्पीकर लावले. बायका सावरून बसल्या. गाण्याआधी माझा आवाज आला, आतल्या खोलीतला, पण स्वच्छ: “सरला, ही बाई गेली की माइक डेटॉलने पूस. तोंडाला काय घाण मारते तिच्या.”

मी मशीन बंद केले. हौसाबाई शांतपणे म्हणाल्या, “टिपनीसभाऊ, तोंड घान, तर त्यातलं गानं कशाला पायजे तुला? माझं पूस. तुझं राहू दे.” मी गयावया केली नाही. तेवढा मोठेपणा माझ्यात नव्हता. त्यांच्यासमोर फितीवरची ती अकरा मिनिटे पुसली; पुसायलाही तेवढाच वेळ लागतो. त्यांनी पुरती अकरा मिनिटे बसून ते पाहिले आणि मग उठल्या. चंद्राने मुंडावळ्या सोडून नेल्या.

पुढे कधीतरी मी उरलेली फीत हेडफोनवर ऐकली. माझ्या त्या वाक्याच्या खाली आणखी एक आवाज आहे. हौसाबाई माइकपाशी बसून आपल्या बायकांना अगदी कुजबुजत दटावत आहेत: “हळू बोला गो. शिकलेला मानूस आपलं गानं राखून ठेवतोय. कोन ठेवतं असं?” मी तिकडे बोलत होतो, त्या इकडे बोलत होत्या, त्याच क्षणाला. लोकांच्या तोंडांची मला जन्मभर किळस आली. त्या दिवसापासून स्वतःचे तोंड धुताना येते.

चंद्राने माइक कोरड्या डब्यात ठेवावा, खाडीची हवा त्याला सोसत नाही. तोंडापासून वीतभर लांब धरावा. शक्य झाल्यास आईला समोर बसवावे. तिने काय खाल्ले आहे, याची माइकला पर्वा नाही. फीत मी सोबत ठेवली आहे. ती ठेवायची की पुसायची हे हौसाबाईंनी ठरवावे.

येथे मृत्युपत्र संपवून मी साक्षीदारांना वाचून दाखवले. पैकी हिरामण हा हौसाबाईंचा भाचा आहे. त्याने सही करण्याआधी पेन खाली ठेवले आणि विचारले, “काका, हे मेल्यावर कशाला?”

मी म्हटले, मृत्युपत्र असते तसेच.

“मावशी तुमच्यापरीस चार वर्षांनी मोठी हाय. तुम्ही जगलात वाचलात तर ती कधी गायची? नि कोन गाव काय इलायतेत हाय?” मग म्हणाला, “अजून गाते ती. सकाळी चुलीपाशी.”

मी म्हटले, त्यांनी हाकलून दिले तर?

“तर हाकलून दिलं. ऐकून घ्यायचं.”

सबब कलम ५ खोडले आहे. ही खाडाखोड माझ्या हातची असून ती मला मान्य आहे. उद्या शुक्रवार. माइक, मशीन आणि फीत घेऊन मी स्वतः कोनला जात आहे. वर लिहिलेली बाकी सर्व कामे माझ्या पश्चात कोणीही करू शकेल. हौसाबाईंची माफी श्रीनाथला मागता येणार नाही.

लिहून देणार: प्रभाकर दामोदर टिपणीस (सही)

समक्ष सह्या करणारे साक्षीदार:
१. हिरामण काथोड टावरे, टेमघर (सही)
२. दौलत बाळू भोईर, टेमघर (सही)

स्थळ: टेमघर, भिवंडी
गुरुवार, दिनांक १२ डिसेंबर १९९६