त्र्याहत्तर, चौऱ्याहत्तर, पंचाहत्तर

ताईच्या पायाशी धाकटीचा नमस्कार. (गुडघे वाकत नाहीत, तेव्हा लांबूनच गोड मानून घे.) तुझी कंबर कशी आहे? माझं बरं चाललंय. दात गेले, पण बोलण्याचं काही अडलेलं नाही.

तर गंमत ऐक. पोस्टावर तुझा काडीचा विश्वास नाही, म्हणून लग्न झाल्यापासून तू प्रत्येक पत्राच्या कोपऱ्यात आकडा घालतेस ना, ती सगळी पत्रं मी बिस्किटांच्या डब्यांतून बाहेर काढली. दोनशे नऊपर्यंत आकडे आहेत. मधलं एखादं हरवलंय का बघावं म्हटलं, पण माझी शाळा तिसरीत सुटलेली. शंभराच्या पुढे गेले की मला चहाची आठवण येते. तेव्हा चिमणी (माझी नात गं, कॉम्प्युटरवाली) म्हणाली, "आजी, तू आकडे वाच, मी स्क्रिप्ट लिहिते." आणि लिहिली की! आठ ओळी. ना नमस्कार, ना तब्येतीची चौकशी, सरळ कामाचं. मास्तर हजेरी घेतात तशी ती एकपासून सगळ्यात मोठ्या आकड्यापर्यंत हाका मारत जाते, आणि जो 'हजर' म्हणत नाही त्याला पडद्यावर उभं करते.

पहिल्या खेपेला सहाशेच्या वर पत्रं गैरहजर! ताईने एवढं लिहिलं आणि मला मिळालंच नाही? चिमणी म्हणाली, "अगं, मोठ्या आजीला दुसरं काही काम नव्हतं का?" मग सापडलं. एका पाकिटावरचा आमच्या घराचा नंबर, आठशे बारा, मीच खणखणीत आवाजात वाचला होता.

दुसऱ्या खेपेला तीनच निघाले. त्र्याहत्तर, चौऱ्याहत्तर, पंचाहत्तर. बहात्तरमध्ये भाऊजींना नुसता खोकला आहे. शहात्तरमध्ये भाऊजी नाहीत, आणि तू लिहिलंयस, "इकडे सर्व ठीक."

चिमणी पोस्टात तक्रार द्यायला निघालीय. मी अडवलं नाही. पोरीचा उत्साह कशाला मोडा?

तुझी,
धाकटी

ता. क. ओळीने तीन पत्रं पोस्टात हरवत नाहीत, ताई. ती तुझ्याकडेच आहेत. मी तेव्हा बाळंतीण होते म्हणून टाकली नाहीस ना? ते बाळ आता टक्कल पडून पन्नाशीला आलंय. आता टाक.

आणखी एक ता. क. माझ्या रडण्याची काळजी करू नकोस. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली आहेत आणि रडायला काही हरकत नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी मुद्दाम विचारून घेतलं.